अभ्यासाचा रोजचा दिनक्रम: सीमाभागातल्या विद्यार्थ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरी या पट्ट्यातल्या दहावी, पीयूसी (कर्नाटकातली अकरावी-बारावी) आणि पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी ही उत्तरं आहेत. तयार छापील वेळापत्रकं इथे आठवडाभरही टिकत नाहीत. ज्याला बसची वाट बघावी लागत नाही, गोठ्यात जावं लागत नाही आणि ज्याच्या भिंतीपलीकडे माग चालत नाही, अशा मुलाला समोर ठेवून ती केलेली असतात.

## दिनक्रम आखायला सुरुवात कुठून करायची?

आधी तीन दिवस काहीच बदलू नका, नुसती नोंद ठेवा. वहीच्या पानावर उठल्यापासून झोपेपर्यंत अर्ध्या-अर्ध्या तासाच्या ओळी पाडा आणि काय केलं ते दोन-तीन शब्दांत भरा. दोन दिवस शाळेचे आणि एक रविवारचा घ्या. सगळं रात्री आठवून भरायला बसू नका. दुपारी एकदा आणि रात्री एकदा भरा, नाहीतर मोबाईलवर गेलेला तास कागदावर 'थोडा वेळ' होऊन बसतो.

मग ज्या गोष्टी हलत नाहीत त्यांच्याखाली रेघ मारा: बस, शाळा, धारा काढणं, जेवण, नळाला पाणी येण्याची वेळ. पाणी रोज येत नसेल तर पाण्याच्या दिवसाचा आराखडा वेगळाच करा.

आता हिशेब. खानापूर तालुक्यातल्या गावातून बेळगावला ये-जा करणारी पीयूसीची मुलगी धरू. झोप ८ तास, कॉलेज ७, प्रवास आणि स्टँडवरची वाट २, आंघोळ-जेवण-आवरणं अडीच, घरकाम दीड. झाले २१. हातात उरले ३ तास. दिनक्रम या तीन तासांचा करायचा. बहुतेक जण कागदावर सहा तास लिहितात, पहिल्याच दिवशी तीन होतात, आणि 'आपल्याच्यानं होत नाही' म्हणून चौथ्या दिवशी कागद फाडतात. मुलीत काही खोट नसते, बेरीजच चुकलेली असते.

## मग रोज किती तास अभ्यास पुरे?

शाळेच्या दिवशी अडीच ते तीन तास मन लावून, रविवारी पाच ते सहा. दहावीला आणि दुसऱ्या पीयूसीलाही जानेवारीपर्यंत एवढ्यावर भागतं, पण ते जूनपासून चाललेलं असलं पाहिजे. 'रोज दहा तास' सांगणाऱ्यांचं फारसं मनावर घेऊ नका. त्या दहा तासांत पुस्तक उघडून बसलेला वेळही धरलेला असतो.

एक बैठक ४० ते ५० मिनिटांची, मध्ये १० मिनिटं सुट्टी. ज्यांचं मन लवकर उडतं त्यांनी २५ मिनिटं काम आणि ५ मिनिटं विश्रांती इथून सुरुवात करावी. गणिताला किंवा निबंधाला मात्र २५ मिनिटं अपुरी पडतात. प्रमेय कुठे हाती लागतंय तोच गजर होतो. सुट्टीत उठून चाला, पाणी प्या, अंगणात जाऊन या. मोबाईल उघडला की दहाची तीस मिनिटं झालीच म्हणून समजा.

## पहाटे उठून अभ्यास करावा की रात्री जागून?

घरोघरी याच्यावर वाद होतो आणि वडीलधारी मंडळी बहुधा पहाटेच्या बाजूनं असतात. पहिला नियम झोपेचा. १३ ते १८ वयाला ८ ते १० तास झोप लागते. दिवसा शिकलेलं पक्कं होण्याचं बरंच काम झोपेतच होतं, त्यामुळे झोप कापून मिळवलेला तास दुसऱ्या दिवशी वर्गात पेंगून फेडावा लागतो.

दुसरी गोष्ट शरीराची. किशोरवयात झोप यायची नैसर्गिक वेळच पुढे सरकते. सोळा वर्षांच्या मुलाला साडेनऊला झोप येत नसेल तर तो मुद्दाम करत नाही. अशा मुलाला चारला उठवलं तर तो पुस्तकापुढे बसतो खरा, पण डोक्यात काही शिरत नाही. साडेदहा ते साडेसहा झोप आणि अवघड अभ्यास संध्याकाळी सात ते नऊ, हा बेत त्याला जास्त मानवतो.

ज्यांच्या घरी सगळेच पाचला उठतात आणि रात्री नऊला गल्ली शांत होते, त्यांनी पहाटच धरावी. पण रात्री उशिरापर्यंत जागून पहाटे चारचा गजर लावणं, हे दोन्ही बाजूंनी जळणं झालं. पहाटेची सवय लावायची तर एकदम दोन तास मागे जाऊ नका. तीन-चार दिवसांनी १५ मिनिटं, असं सरकत या. आधी झोपायची वेळ हलवा, मग उठायची. उठल्याबरोबर दिवा लावा, तोंड धुवा आणि अंथरूण गुंडाळा. डिसेंबर-जानेवारीत इकडे सूर्य सातच्या सुमाराला उगवतो आणि थंडीही बोचरी असते. पांघरुणात बसून वाचायला घेतलं की पंधरा मिनिटांत मान खाली. स्वेटर घाला, पायात मोजे घाला, पण टेबल किंवा पाटावर बसा. अशा वेळी वाचण्यापेक्षा गणितं सोडवावीत, हात चालू असला की झोप लांब राहते.

चहाबद्दल एवढंच: त्यातलं कॅफीन निम्मं उतरायला साधारण पाच तास लागतात. रात्री नऊला अभ्यासासाठी घेतलेला चहा रात्री दोनलाही अर्धा अंगात असतो. शेवटचा कप संध्याकाळी पाचपर्यंत.

## अभ्यासाला बसल्यावर नेमकं काय करायचं? वाचलं तरी लक्षात राहत नाही.

कारण वाचणं म्हणजे ओळख पटणं. दुसऱ्यांदा वाचताना 'हे मला येतं' असं वाटतं, पण परीक्षेत पुस्तक मिटलेलं असतं. २००६ साली रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केलेला एक प्रयोग इथे उपयोगी आहे. एका गटानं उतारा पुन्हा वाचला, दुसऱ्यानं न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत वाचणारे पुढे होते. आठवड्यानं घेतलेल्या चाचणीत आठवून लिहिणारे पुढे गेले. रात्री घोकून सकाळी चाचणीत चांगले गुण मिळतात आणि वार्षिक परीक्षेला तोच धडा कोरा निघतो, त्याचं कारण हेच.

५० मिनिटांची बैठक अशी बसवा:

पहिली ५ मिनिटं पुस्तक न उघडता कालचा भाग कोऱ्या कागदावर लिहायचा, मुद्दे आणि आकृत्या. नंतर २० मिनिटं नवा भाग वाचायचा, पण एका वेळी चार-पाच पानांहून जास्त नाही. मग पुस्तक पालथं घालून १५ मिनिटं आठवेल ते लिहायचं. इथे त्रास होतो, डोकं खाजवावं लागतं, आणि तीच कामाची मिनिटं असतात. राहिलेल्या १० मिनिटांत पुस्तक उघडून तपासायचं, चुकलेलं आणि सुटलेलं लाल शाईनं भरायचं. उद्या सुरुवातीला तोच लाल भाग.

उजळणीच्या तारखा धड्याच्या पहिल्या पानावर पेन्सिलीनं टाका: दुसऱ्या दिवशी, आठव्या दिवशी, महिन्यानं. हर्मान एबिंगहाउस या जर्मन संशोधकानं १८८५ सालीच दाखवलं होतं की नवं पाठ केलेलं पहिल्या एक-दोन दिवसांत सगळ्यात झपाट्यानं निसटतं. म्हणून पहिली उजळणी चुकवायची नाही. महिन्याची एखादी चुकली तर चालेल.

गणिताला वेगळी चाल हवी. एकाच प्रकारची वीस उदाहरणं ओळीनं सोडवली की पाचव्यापासून हात आपोआप चालतो आणि डोकं थांबतं. तीन उदाहरणं वर्गसमीकरणांची, तीन अंकगणिती श्रेढीची, तीन त्रिकोणमितीची अशी मिसळून घ्या. पेपरात सूत्र कुठलं लावायचं ते कुणी सांगत नाही, तो निवडीचा सराव यातून होतो. उदाहरण अडलं तर १० मिनिटं स्वतः झटा, मग उत्तर बघा, आणि दुसऱ्या दिवशी तेच न बघता पुन्हा सोडवा. रंगीत पेनानं ओळी रंगवण्यात बैठक गेली असेल तर ती अभ्यासात धरू नका.

## दहावीपर्यंत मराठी माध्यम आणि पीयूसी सायन्सला सगळं इंग्रजी. दिवसात काय बदलायचं?

इथे मुलं सगळ्यात जास्त कोसळतात, आणि हुशार मुलंही. पहिल्या पीयूसीच्या जून-जुलैत वर्गातलं निम्मं डोक्यावरून जातं. सप्टेंबरपर्यंत आत्मविश्वास जातो. तयारी पीयूसी सुरू झाल्यावर करायची नसते. दहावीचा शेवटचा पेपर आणि पीयूसीचा पहिला दिवस यांच्यामधले आठवडे त्यासाठीच आहेत.

कर्नाटकातली दहावीची गणित-विज्ञानाची पुस्तकं एनसीईआरटी या केंद्राच्या शैक्षणिक संस्थेच्या पुस्तकांवर बेतलेली आहेत, आणि पीयूसी सायन्सलाही एनसीईआरटीचीच पुस्तकं असतात. त्याचा फायदा घ्या. मराठीतून झालेला विज्ञानाचा धडा आणि त्याचाच इंग्रजी धडा शेजारी ठेवा. एनसीईआरटीची पुस्तकं तिच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. विषय येत असतो, फक्त भाषा नवी असते, म्हणून डोक्यावर एकाच गोष्टीचा भार पडतो. रोज एक तास पुरे: अर्धा तास परिच्छेदाला परिच्छेद लावून वाचन, १५ मिनिटं शब्दवही, १५ मिनिटं त्याच धड्याच्या दोन प्रश्नांची इंग्रजीतून उत्तरं.

शब्दवहीत रोज दहा शब्द: त्वरण म्हणजे अ‍ॅक्सिलरेशन, संवेग म्हणजे मोमेंटम, उत्प्रेरक म्हणजे कॅटॅलिस्ट. समोर तो शब्द असलेलं इंग्रजी पुस्तकातलं एक वाक्य उतरवा. आठवड्याचे सहा दिवस, आठ आठवडे, म्हणजे ४८० शब्द होतात आणि पहिल्या वर्षाचा चांगला पाया पडतो.

शब्द पाठ करूनही गाडी अडते ती प्रश्नातल्या क्रियापदांवर. डिफाइन आलं की एका वाक्यात व्याख्या आणि लागू असेल तिथे एकक. डिराइव्ह आलं की आकृती, गृहीतकं, पायऱ्या आणि शेवटी सूत्र. डिस्टिंग्विश आलं की दोन रकाने, आणि जितके गुण तितके तरी फरक. जस्टिफाय आलं की नुसतं हो-नाही चालत नाही, कारण द्यावं लागतं. अशी पंधरा-वीस क्रियापदं वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

कॉलेज सुरू झाल्यावर रोज संध्याकाळी पहिला तास उद्या शिकवणार त्या भागाचा. समजलं नाही तरी चालेल, शब्द ओळखीचे झाले की दुसऱ्या दिवशी कान उघडे राहतात. मराठीतून समजून घ्यायला लाजू नका. संकल्पना मराठीत, उत्तर इंग्रजीत, हे पहिलं सहामाही सत्र खुशाल चालू द्या. पण लिहिण्याचा सराव इंग्रजीतूनच व्हायला हवा.

## कन्नडला किती वेळ द्यायचा?

रोज २० मिनिटं. रविवारी दोन तास एकदम देण्यापेक्षा हे कितीतरी बरं, कारण लिपी डोळ्याला रोज दिसली पाहिजे. वर्णमालेचा क्रम देवनागरीसारखाच आहे, त्यामुळे अक्षरं लवकर बसतात. अडचण दोन ठिकाणी येते. कन्नडमध्ये ऱ्हस्व आणि दीर्घ ए, तसेच ऱ्हस्व आणि दीर्घ ओ वेगळे लिहितात. मराठी मुलं ते एकच करतात आणि शुद्धलेखनाचे गुण जातात. दुसरं ओत्तक्षर, म्हणजे जोडाक्षरातलं खाली लिहायचं अक्षर. रोज दहा ओळी बघून लिहा आणि पाच ओळी कुणाला तरी सांगायला लावून लिहा. घरी कन्नड कुणाला येत नसेल तर शेजारी, दुकानदार, वर्गमित्र असतातच. बसच्या पाट्या आणि दुकानांचे फलक वाचत जाणं हा फुकटचा सराव आहे.

## बसमधला वेळ वापरता येतो का?

थोडा. नवा धडा बसमध्ये वाचू नका. खड्ड्यांनी ओळ सुटते, काहींना मळमळतं, आणि उभं राहून यावं लागलं तर पुस्तक बाहेरही काढता येत नाही. जुन्या वहीच्या पुठ्ठ्याचे तळहाताएवढे तुकडे करा, एका बाजूला प्रश्न, मागे उत्तर: सूत्र, सन, व्याख्या, कन्नड शब्द. रोज वीस कार्डं खिशात. आलेलं कार्ड चार दिवसांनी पुन्हा, न आलेलं उद्या पुन्हा. खरा उपयोग स्टँडवरच्या वाट बघण्याचा होतो, कारण तिथे हलत नाही. परतीच्या बसमध्ये दमला असाल तर डोळे मिटून बसा, ते वाया जात नाही.

## घरात वेगळी खोली नाही, शेजारी माग चालतो. कसं करायचं?

बेळगावच्या वडगाव, शहापूर, खासबाग भागात हा रोजचाच प्रश्न आहे. यंत्रमागाचा आवाज एकसुरी असतो, त्यात लिहिण्याचं काम जमतं: गणित, आकृत्या, नकाशे, प्रश्नपत्रिका सोडवणं. पाठांतर आणि नवं समजून घेणं जमत नाही. म्हणून माग बंद असण्याची वेळ आधी लिहून काढा आणि अवघड विषय तिथे टाका. औषधाच्या दुकानात मिळणारे मऊ फोमचे कानबोळे आवाज बऱ्यापैकी कमी करतात. ते पिळून आत घालायचे आणि फुगेपर्यंत धरून ठेवायचे, नुसते टेकवले तर उपयोग नाही.

टीव्हीचा आवाज मागापेक्षा वाईट, कारण त्यात शब्द असतात आणि मन शब्दांमागे जातं. घरच्यांशी एकच सौदा करा: रात्री आठ ते साडेनऊ टीव्ही बंद, बाकी वेळ तुमची तक्रार नाही. जागा कोपऱ्याएवढी असली तरी रोज तीच असू द्या. वाचनालय जवळ असेल तर शनिवार-रविवार तिथे.

## सुगी, गुरं, घरकाम यांतून वेळ कसा काढायचा?

भाताच्या सुगीत आणि उसाच्या तोडीत नेहमीचा दिनक्रम चालणार नाही, ते आधीच मान्य करा. त्या दिवसांसाठी 'किमान दिवस' ठरवून ठेवा: ४५ मिनिटं, त्यात गणिताची पाच उदाहरणं, एका धड्याची आठवून उजळणी आणि कन्नडच्या पाच ओळी. नवं काही नाही. यानं पुढे जाता येत नाही, पण मागचं निसटत नाही. सुगी संपल्यावर सुटलेला भाग चार रविवारांत वाटून घ्या, एका आठवड्यात भरून काढायला जाऊ नका.

पालकांना एक सांगणं. दहावीतल्या मुलाला 'अभ्यास कर' म्हणायचं आणि त्याच वर्गातल्या मुलीला भाकरी थापायला, भांडी घासायला उठवायचं, हे अजून अनेक घरांत चालतं. तिचा दीड तास भावात आणि तिच्यात वाटला तर तिला आठवड्याला पाच तासांहून जास्त मिळतात. कुठल्याही शिकवणीनं एवढा फरक पडणार नाही.

## लाईट जाते आणि पावसाळ्यात तर दोन-दोन दिवस येत नाही.

खानापूरच्या जंगलपट्ट्यात, कणकुंबी-जांबोटीकडे, हे गृहीतच धरावं लागतं. रिचार्ज होणारा एलईडी दिवा लाईट असताना रोज सकाळी चार्जिंगला लावून ठेवा. धडे, प्रश्नपत्रिका, व्हिडिओ आधीच उतरवून घ्या, नेटवर्कही लाईटच्या मागोमाग जातं. पावसाळ्यात लिहिण्याचा अभ्यास उजेड असताना उरकायचा आणि अंधारात तोंडी उजळणी करायची. मेणबत्तीच्या उजेडात बारीक टाईप वाचत बसू नका.

## मोबाईलचं काय करायचं?

अभ्यासाला बसताना तो दुसऱ्या खोलीत, आवाज बंद करून. टेबलावर पालथा ठेवलेला मोबाईलही लक्ष खातो. 'शंका बघायला लागतो' हे खरं असतं, म्हणून शंका कागदावर टिपा आणि बैठकीनंतर सगळ्या एकदम १५ मिनिटांत बघा. दहातल्या चार तरी तोवर आपोआप सुटतात. गजरासाठी साधं घड्याळ घ्या, कारण मोबाईल उशाशी असला की झोपही त्याच्याच मर्जीवर. वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रात्री दहानंतर 'तुझं कुठपर्यंत झालं' हे विचारणं बंद करा, त्यातून फक्त धास्ती वाढते.

## दिनक्रम चार दिवसांत मोडतो. का?

बहुतेक वेळा त्यात मोकळी जागा ठेवलेली नसते. आठवड्यात निदान तीन तास रिकामे ठेवा, शनिवार संध्याकाळ उत्तम. पाहुणे आले, बस चुकली, ताप आला, तर राहिलेलं तिथे जातं. काही राहिलं नाही तर ते तास तुमचे, खेळा, मळ्याला जा. दुसरं कारण 'सात ते आठ विज्ञान' अशी नोंद. त्याऐवजी 'विद्युतधारा, ओहमचा नियम, सहा उदाहरणं' असं लिहा. काम कधी संपलं ते कळलं पाहिजे. तिसरं, थकबाकी दुसऱ्या दिवसावर ढकलणं. सोमवारचं राहिलेलं मंगळवारात कोंबलं की मंगळवारचंही राहतं. एक दिवस गेला तर जाऊ द्या, फक्त लागोपाठ दोन दिवस जाऊ देऊ नका.

## गणपती, दुर्गामाता दौड, गावची जत्रा आली की?

जा. अभ्यास आहे म्हणून घरी बसलेल्याचं निम्मं लक्ष ढोलाकडेच असतं. गणपतीच्या दिवसांत सकाळी दीड तास अभ्यास करा आणि संध्याकाळ मंडळाला द्या. नवरात्रात दौडीला पहाटे उठताच, तर परत आल्यावर न्याहारीपूर्वीचा पाऊण तास वापरा. त्या नऊ रात्री मात्र लवकर झोपायचं. विसर्जनाच्या रात्रीनंतरचा दिवस आधीच रिकामा धरा. जत्रेचे दोन दिवस वर्षाच्या सुरुवातीलाच कॅलेंडरवर लिहा, म्हणजे त्या आठवड्यात नवा धडा घेतला जाणार नाही.

## एमए, पीएचडी करणाऱ्यांना हेच लागू पडतं का?

झोप, बैठका आणि मोकळी जागा, हो. फरक लिखाणाचा. रोज ६० ते ९० मिनिटं लेखन, दिवसातल्या सगळ्यात ताज्या वेळी, ईमेल आणि वाचनाच्या आधी. 'आधी सगळं वाचून होऊ दे' म्हणत वर्षं जातात. उठताना पुढचं वाक्य काय असेल ते कागदावर लिहून ठेवा, दुसऱ्या दिवशी सुरुवात अडत नाही. टिपण काढताना पुस्तकाचं नाव, आवृत्ती, वर्ष आणि पान क्रमांक त्याच क्षणी लिहा. नंतर तो एक पान क्रमांक शोधायला पुन्हा बेळगाव किंवा कोल्हापूर गाठावं लागतं.

## परीक्षेआधीचे शेवटचे सहा आठवडे कसे असावेत?

दहावीचे पेपर सकाळी दहाला सुरू होतात. डोकं त्या वेळी तरतरीत असायला हवं, म्हणून या आठवड्यांत रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी पूर्ण प्रश्नपत्रिका सकाळी दहालाच घ्या, मध्ये न उठता. मुख्य विषयांत लेखी ८० गुणांचं आणि २० गुण अंतर्गत. ८० गुणांना साधारण तीन तास म्हणजे गुणाला सव्वादोन मिनिटं. तीन गुणांच्या उत्तरावर पंधरा मिनिटं घालवणाऱ्याचा शेवटचा प्रश्न लिहायचा राहतोच. पेपर सोडवायला जेवढा वेळ, त्याच्या निम्मा तो तपासायला द्या आणि चुका तीन ढिगांत टाका: येत नव्हतं, येत होतं पण घाईत चुकलं, प्रश्नच नीट वाचला नाही. तिन्हींचे उपाय वेगळे आहेत, आणि पुन्हा अभ्यास फक्त पहिल्याला लागतो.

सीईटी (पीयूसीनंतरची कर्नाटकाची प्रवेश परीक्षा) देणाऱ्यांनी एका विषयाचे ६० प्रश्न ८० मिनिटांत, घड्याळ लावून. प्रश्नाला ८० सेकंद पडतात. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा शेवटची ५ मिनिटं राखून कोरे गोल भरायचे.

पहाटेचा अभ्यास करणारा आणि रात्रीचा करणारा, दोघांनीही शेवटच्या दोन आठवड्यांत झोपायची-उठायची वेळ परीक्षेच्या दिवसाला जुळवावी. केंद्र दुसऱ्या गावाला असेल तर त्या बसनं एकदा आधीच जाऊन यावं, शक्यतो कामाच्या दिवशी. रविवारच्या बसवरून सोमवारच्या गर्दीचा अंदाज येत नाही.